नागपुरात हीटर कोण लावतं? तरीही हीटर कोर का बदलायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, राहायला बेसा. डाव्या सीटसमोरचं मॅट महिनाभरापासून ओलं राहतं, सकाळी काचेवर आतून चिकट धुकं धरतं, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची बाटली दर पंधरा दिवसांनी मिनिममच्या खाली जाते. मेकॅनिकनं हीटर कोर फुटल्याचं सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, नागपुरात हीटर कोन लावते? पाइपाले पाइप जोडून देतो, काम खतम." आता तुम्हाला विचारायचंय की असं जोडून घ्यावं, की डॅशबोर्ड खोलून नवा कोर टाकावा.

कामठी रोडवर माझं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि त्यातही कूलिंगच्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात. तुमच्या मेकॅनिकचं निदान बहुधा बरोबर आहे. उपाय मात्र अर्धाच सांगितलाय. पाइप जोडून गाडी पंधरा दिवस, महिनाभर चालवायला हरकत नाही. कायमची तशी ठेवू नका. आणि नवा कोर टाकायच्या आधी जुना का गेला हे शोधा, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसाल.

हीटर कोर म्हणजे छोटा रेडिएटर. पुढच्या जाळीमागे मोठा रेडिएटर असतो, तसाच वहीएवढा एक डॅशबोर्डच्या पोटात, ब्लोअरच्या वाटेत बसवलेला असतो. इंजिनमधून निघालेलं गरम कूलंट एका रबरी होजमधून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, ओलांडून त्यात येतं, बारीक चपट्या नळ्यांमधून फिरतं आणि दुसऱ्या होजमधून परत इंजिनकडे जातं. ब्लोअरची हवा त्या नळ्यांवरून गेली की गरम होते. इंजिन तापल्यावर कूलंट साधारण ८० ते ९५ अंशांवर असतं, त्यामुळे हीटरला वेगळं पेट्रोल लागत नाही. जी उष्णता एरवी बाहेर फेकली जाते, त्यातलीच थोडी आत घेतली जाते.

आता नागपूरकरांनी लक्षात घ्यायची गोष्ट. बऱ्याच गाड्यांमध्ये कोरमधून कूलंट बारा महिने फिरत असतं. तुम्ही नॉब निळ्या बाजूला फिरवता तेव्हा पाणी बंद होत नाही, फक्त आतली एक झडप फिरते आणि हवा कोरला वळसा घालून जाते. काही जुन्या गाड्यांत पाणी बंद करणारा वेगळा व्हॉल्व्ह असायचा, पण आजच्या बहुतेक गाड्यांत झडपेवरच काम भागवलेलं असतं. म्हणजे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, तुमचा एसी फुल्ल चालू असताना, त्याच डब्यात शेजारी ८५-९० अंशांचा एक रेडिएटर तापत बसलेला असतो. त्या दोघांच्या मध्ये असते एक प्लास्टिकची झडप आणि तिच्या कडेला चिकटवलेला फोम. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भाजून निघतो, दहा वर्षांत त्या फोमचा भुगा होतो, आणि गरम हवा गार हवेत मिसळायला लागते.

दर मे महिन्यात माझ्याकडे अशा गाड्या येतात. गॅस दोनदा भरून झालेला असतो, काहींचा तर कॉम्प्रेसरही बदललेला असतो, तरी एसी गार करत नाही. मी एक साधी गोष्ट करतो. इंजिनकडून हीटरला जाणारा होज जाड कापड गुंडाळून क्लॅम्पनं हळूच दाबतो आणि पाच मिनिटं थांबतो. आतली हवा जाणवण्याइतकी गार झाली तर एसीत दोष नाही, झडप गळतेय. तेवढ्या तपासणीवाचून लोकांचे हजारो रुपये गेलेले मी पाहिलेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी तुमच्या गाडीत गळतंय ते कूलंटच आहे याची खात्री करा. ओलं मॅट तीन कारणांनी होतं. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की साधं पाणी आत सांडतं, आणि जून-जुलैत हेच जास्त होतं. दुसरं, काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी उतरतं. तिसरं कूलंट. घरी बघायचं असेल तर पांढरा टिश्यू किंवा जुन्या बनियनचा तुकडा घ्या, मॅट उचलून खालच्या कार्पेटवर दाबून धरा. साधं पाणी असेल तर कापड नुसतं ओलं होईल आणि वाळून जाईल. कूलंट असेल तर हिरवी, लाल किंवा निळी झाक येईल, बोटांना तेलकट-बुळबुळीत लागेल आणि गोडसर वास येईल. चव घेऊन बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. म्हणूनच गॅरेजमध्ये काढलेलं कूलंट मी कधी उघड्यावर ठेवत नाही, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

काचेवरचं चिकट धुकं ही तर जवळजवळ पावतीच समजा. साधं बाष्प एसी लावला की दोन मिनिटांत जातं. ग्लायकॉलची वाफ काचेवर पातळ थर धरते, पुसली तर फराटे उठतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्या फराट्यांवर पसरतो. अशी वाफ रोज बंद गाडीत श्वासातून घेणं कुणालाच चांगलं नाही, गाडीत लहान मूल बसत असेल तर अजिबातच नाही. तुम्ही लिहिलंय की मुलीला शाळेत याच गाडीनं सोडता. म्हणून सांगतो, कोर बदलायला महिना लागला तरी चालेल, पण बायपास, म्हणजे मेकॅनिक म्हणाला तसा पाइपाला पाइप जोडणं, याच आठवड्यात करून घ्या.

पक्की खात्री प्रेशर टेस्टनं होते. गाडी पूर्ण थंड असताना कूलंटच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर जो आकडा लिहिलाय, बहुधा ०.९ किंवा १.१ बार, तेवढा दाब भरायचा आणि वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर आतमध्ये गळतंय. केबिन फिल्टर किंवा ब्लोअर काढून बारीक कॅमेरा आत घातला की कोरच्या कोपऱ्यातून पाझरणारा थेंब डोळ्यांनी दिसतो. तुमच्या मेकॅनिकनं हे केलंय का, विचारा. नसेल केलं तर करायला लावा. फक्त होजचा क्लिप सैल असल्यामुळे फायरवॉलमधून पाणी आत उतरलेल्या गाड्यांचे आख्खे डॅशबोर्ड खोललेले मी बघितलेत.

कोर दोन तऱ्हांनी जातो, फुटून किंवा तुंबून. फुटलेला बदलायचाच, त्यात दुसरा विचार नाही. तुंबलेला मात्र आधी धुऊन बघण्यासारखा असतो. ओळख सोपी आहे. इंजिन तापवा, नॉब पूर्ण लाल बाजूला करा, फायरवॉलकडे जाणाऱ्या दोन्ही होजना सांभाळून हात लावा. दोन्ही चांगले गरम आणि तरी आत गार हवा, तर झडपेचा किंवा तिच्या केबलचा दोष. एक कढत आणि दुसरा कोमट, तर कोर तुंबलाय. दोन्ही थंड, तर कूलंट कमी आहे, हवा अडकलीय किंवा पंप नीट ढकलत नाहीये.

तुंबलेला कोर धुताना दोन्ही होज काढून उलट दिशेनं, म्हणजे जिथून कूलंट बाहेर येतं तिथून, साध्या पाण्याचा हलका प्रवाह सोडायचा. हलका म्हणतोय, कारण नऊ वर्षांच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर कार वॉशचं प्रेशर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारली की तुंबलेला कोर फुटका होतो. आणखी एक खबरदारी. जुना होज पाइपावर चिकटलेला असतो. तो पकडीनं पिळून ओढला तर कोरचा पाइप मुळातून हलतो. होज ब्लेडनं उभा चिरून काढावा. होजचे पैसे जातात, कोर वाचतो. धुण्याचं काम संपलं की शेवटची खळबळ बॅटरीत घालतात त्या क्षार काढलेल्या पाण्यानं करायची, नळाचं पाणी आत ठेवायचं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कोर जातो कशानं. आपल्याकडे तो मरतो पाण्यानं. महानगरपालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, ते त्यातल्या त्यात बरं. पण नव्या लेआउटांमध्ये, तुमच्या बेस्याकडे, मनीषनगरच्या पलीकडे, अनेक घरं बोअरवर आहेत. त्या पाण्यानं बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो, तो तुम्ही रोज बघता. तोच थर इंजिनमध्ये चढतो. उन्हाळ्यात कूलंट थोडं कमी झालं की माणूस घरातली बिसलेरीची रिकामी बाटली नळाखाली भरतो आणि ओततो. महामार्गावर असेल तर ढाब्याच्या हंड्यातलं ओततो. दोन-तीन उन्हाळे असं झालं की बाटलीत रंग उरतो, पण कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं पार पातळ झालेली असतात. मग गंजाचा लाल गाळ आणि क्षारांची भुकटी, दोन्ही जिथे वाट सगळ्यात बारीक तिथे बसतात. सगळ्यात बारीक वाट हीटर कोरची.

गेल्या वर्षी मी एक काढलेला कोर बाकावर ठेवून हॅकसॉनं मधोमध कापला, शिकाऊ पोरांना दाखवायला. अठरा नळ्या होत्या. त्यातल्या सहा पूर्ण बंद, आत चहाच्या चोथ्यासारखा ओला तपकिरी गाळ. बाकीच्यांच्या भिंतींवर पांढरा खडबडीत पापुद्रा, नखानं खरवडला तर टवके निघत होते. आणि खालच्या टाकीत पिवळी पेस्ट जमलेली. पोरांनी वास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. हळद होती. रेडिएटर पाझरायला लागला तेव्हा कुणीतरी त्यात हळदीचं पाकीट रिकामं केलं होतं. ही जुनी युक्ती आहे, रानावनात अडकलात तर गाडी घरापर्यंत आणते, मी नाकारत नाही. पण हळद असो की बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर, तिला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. घरी पोचल्यावर सिस्टीम धुवायची असते, ते कुणी करत नाही.

म्हणून कूलंटचं साधं गणित सांगतो. तयार मिसळलेलं घेतलं तर तसंच भरायचं. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं ते आणि निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी, आपण बॅटरीचं पाणी म्हणतो तेच. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात, तेव्हा ते अडीअडचणीलाच. रंग बघून प्रकार ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हे मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. निम्मं ग्लायकॉल असलं की मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश उशिरा उकळतं, झाकणाच्या दाबानं तो आकडा आणखी बराच वर जातो, आणि आतलं ॲल्युमिनियम गंजत नाही. बर्फाळ मुलखाइतकीच आपल्याही गाड्यांना त्याची गरज आहे.

एक आडवं कारणही तपासून घ्या, विशेषतः गाडीत नंतर मोठा ऑडिओ किंवा जादा लाइट बसवले असतील तर. अर्थिंग खराब असेल तर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि कोरला आतून सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतो. थंड इंजिनचं झाकण उघडून मग ते सुरू करा. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल वायरचं टोक कूलंटमध्ये बुडवा, कुठल्याही धातूला न टेकवता. लाइट, ब्लोअर, सगळं चालू करा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. त्याशिवाय टाकलेला नवा कोरही तसाच जाईल.

आता बायपास. दोन्ही होज एका यू आकाराच्या पाइपानं एकमेकांना जोडतात. जोडणं आणि बूच मारणं यात मोठा फरक आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कूलंट मोठ्या रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, बंद असताना कूलंट हीटरच्या वाटेनंच फिरत असतं, त्या वाटेला दोन्हीकडून बूच मारलं तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोचत नाही आणि तो उशिरा उघडतो. तेव्हा जोडा, बंद करू नका. पाइप पितळेचा किंवा चांगल्या जाड प्लास्टिकचा, क्लिप दोन्हीकडे नवे.

मग कायमचं का नको? डिसेंबरमध्ये पहाटे निघून बघा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होते. तसा दिवस दरवर्षी येत नाही, पण आठ-दहा अंश येतातच. समृद्धीवर किंवा जबलपूर रोडला पहाटेचं धुकं, गाडीत चार माणसांचा श्वास, आणि समोरची काच आतून पांढरी. एसी हवा कोरडी करतो, हीटर काच गरम करतो, दोन्ही एकत्र लावले की अर्ध्या मिनिटात काच मोकळी होते. नुसत्या एसीनं काच थंड पडते आणि माणसं कुडकुडतात. पावसाळ्यातही तेच, एसी लावून नॉब जरासा लाल बाजूला सरकवला की काच आतूनही धरत नाही आणि बाहेरूनही नाही. मी स्वतः जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असाच चालवतो.

आणि उन्हाळ्यातलं एक कारण, जे माझ्या मते सगळ्यात मोठं आहे. मे महिन्यात कुरई घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर पूर्ण लाल आणि ब्लोअर फुल्ल. अंगावर भट्टीसारखी हवा येईल, पण तो छोटा रेडिएटर इंजिनची बरीच उष्णता ओढून घेतो, आणि पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत गाडी नेता येते. त्याच वेळी तो तुम्हाला एक बातमीही देतो. काटा लालकडे चाललाय आणि हीटरमधून हवा गार येतेय, तर कोरपर्यंत कूलंट पोचतच नाहीये. त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, एक किलोमीटरही पुढे जायचं नाही, आणि इंजिन थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. इंजिनचं हेड वाचतं ते या दोन मिनिटांच्या निर्णयानं. बायपास केलेल्या गाडीत हा उपायही नाही आणि ही बातमीही नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. आपल्याकडे "गर्मीत गाडी थंड राहते" म्हणून तो सर्रास काढतात. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, थंडीत हीटर कोमट राहतो, आणि काही इंजिनांत तर पाण्याची फेरीच बिघडते.

कोर बदलण्यात भाग स्वस्त असतो, मजुरीच खरी. काही गाड्यांत कोर ग्लोव्ह बॉक्सच्या किंवा पेडलच्या बाजूनं सरकवून निघतो, दोन-तीन तासांचं काम. बाकीच्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एक पूर्ण दिवस धरा. तुमच्या मॉडेलचा कसा निघतो ते आधी विचारून मगच भाव ठरवा. डॅशबोर्ड उतरणार असेल तर एअरबॅग असते, बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय वायरला हात लावू देऊ नका. हीटर-एसीचा डबा बाहेर काढावा लागला तर एसीचा गॅस मशीननं काढून घेऊन नंतर परत भरावा लागतो, तो खर्च आधीच हिशेबात धरा. आणि एकदा इतकं उघडलंच आहे तर झडपेचा फोम नवा लावा, एसीची कुलिंग कॉइल तपासून धुऊन घ्या, दोन्ही होज, क्लिप आणि ओ-रिंग नव्या टाका. हे सगळं मिळून कोरच्या मजुरीपुढे थोडंच आहे, पण नंतर करायचं झालं तर तीच मजुरी दुसऱ्यांदा.

कार्पेट विसरू नका. वरून वाळलेलं दिसलं तरी खालचा फोम स्पंजासारखा कूलंट धरून ठेवतो, वास जात नाही आणि खालचा पत्रा गंजतो. सीट काढून कार्पेट बाहेर घ्या, साबणाच्या पाण्यानं धुवा, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका. तिथून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टरही उघडून कोरडे करायला सांगा. काच आतून आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्वच्छ कापडानं दोनदा पुसा.

नवं कूलंट भरताना हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला हवा, गाडीचं नाक थोडं चढावर, आणि पुढचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. मग पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि पातळी बघायची. पहिले चार दिवस रोज सकाळी बाटली तुम्ही स्वतः बघा. थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली असं समजून तेवढं भरा. पाचव्या दिवशीही उतरत असेल तर भरत बसू नका, गाडी परत न्या आणि प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा.